‘पेप्टाइड म्हणजे नुसती अमिनो आम्लं’ असं सांगणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

एक लांबलचक संदेश सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचेच छोटे तुकडे. शरीर ते स्वतःच तयार करतं, त्यामुळे बाहेरून टोचून घेतले तरी दुष्परिणाम नाहीत. इन्सुलिनही पेप्टाइडच आहे आणि ते शंभर वर्षं वापरात आहे. ‘बीपीसी-१५७’ नावाचं पेप्टाइड दुखावलेलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरा), कुरकुरणारा सांधा, आतड्यातले व्रण असं सगळं भरून काढतं आणि ते कितीतरी शोधनिबंधांनी सिद्ध झालंय. ऑनलाइन मिळणारी पावडर ९९ टक्के शुद्ध असते, सोबत प्रयोगशाळेचा दाखला येतो. आणि नैसर्गिक रेणूवर पेटंट मिळत नाही म्हणून औषध कंपन्या हे सगळं दाबून ठेवतात.

लिहिणाऱ्याला रसायनशास्त्राची भाषा येते, म्हणून हा संदेश पटकन पटतो. त्यातली काही वाक्यं सुटी वाचली तर खरीही आहेत. पण तो वाचणारा माणूस बहुधा दुखण्याने थकलेला असतो. खांदा वर जात नाही, फिजिओथेरपी करून झाली, डॉक्टर म्हणतात धीर धरा. अशा माणसाला स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायला सांगणारा मजकूर दुर्लक्ष करून सोडून देण्यासारखा नाही.

‘ही तर नुसती अमिनो आम्लं, जेवणातूनही तीच मिळतात’

अमिनो आम्लं तीच, हे खरं. आपल्या प्रथिनांमध्ये मुख्यतः २० प्रकारची अमिनो आम्लं असतात. पण पेप्टाइडचं काम ठरतं ते त्यांचा क्रम आणि त्यातून घडणारा आकार यांवर. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही दोन संप्रेरकं घ्या. दोन्हींत नऊ-नऊ अमिनो आम्लं, त्यातली सात अगदी सारखी. फरक फक्त दोन जागांवर. तेवढ्यावर एक गर्भाशय आकुंचित करतं आणि दुसरं मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिग्नो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज प्रसूतिगृहात हेच औषध थेंबाथेंबाने, कळा आणि बाळाचे ठोके पाहत देतात. मात्रा जास्त झाली तर बाळाचा प्राणवायू तुटू शकतो, क्वचित गर्भाशय फाटूही शकतं. नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू आहे आणि तो शरीरातच बनतो.

आणखी एक उदाहरण. ‘डेथ कॅप’ नावाची एक अळिंबी आहे. तिच्यातलं अल्फा-अमॅनिटिन हे विष म्हणजे आठ अमिनो आम्लांचं कडं. शिजवून ते नष्ट होत नाही, पचनातही टिकतं. पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी आरएनए हा रेणू लागतो, तो बनवणारं विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग बरं वाटू लागतं, आणि त्यानंतर यकृत निकामी होतं. अमिनो आम्लांपासून बनलेलं म्हणजे निरुपद्रवी, हा नियम निसर्गाला माहीत नाही.

जेवणाशी केलेली तुलनाही इथे टिकत नाही. खाल्लेलं प्रथिन जठरात आणि आतड्यात सुटं होतं आणि रक्तात पोचतात ती मुख्यतः एकेकटी अमिनो आम्लं. त्यांच्यात आधीच्या क्रमाचा मागमूस उरत नाही. त्वचेखाली टोचलेलं पेप्टाइड अख्खं राहतं. ते अख्खं राहावं, म्हणून तर सुई वापरायची. मग ‘जेवणासारखंच’ म्हणायला आधार काय?

‘शरीर स्वतःच बनवतं, म्हणून सुरक्षित’

शरीर पेप्टाइड बनवतं तितक्याच निगुतीने ते तोडूनही टाकतं. जेवणानंतर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटांत निम्मं होतं. निरोप पोचला, काम झालं, निरोप्या संपला. त्याचंच बदललेलं रूप असलेलं सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध मात्र सुमारे आठवडाभराने निम्मं होतं, कारण रसायनतज्ज्ञांनी ते तोडणाऱ्या विकराची वाट अडवली आणि त्याला मेदाम्लाची शेपटी जोडून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटवलं. हा रेणू आता मिनिटांऐवजी दिवसरात्र काम करतो. म्हणून त्याचे फायदे वेगळे, दुष्परिणाम वेगळे, आणि म्हणून त्याच्या चाचण्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं कराव्या लागल्या.

वेळेचं महत्त्व पॅराथायरॉइड संप्रेरकाइतकं दुसऱ्या कशात क्वचितच स्पष्ट दिसतं. ते सतत वाढलेलं राहिलं की हाडं झिजतात. पण त्याच्या ८४ पैकी पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे टेरिपॅराटाइड, रोज एकदा टोचला तर हाडं भरतात. पेशीवरचा ग्राही, म्हणजे निरोप घेणारी जागा, तीच; परिणाम उलटा. तेव्हा ‘शरीरात असतंच’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. किती, कुठे, किती वेळ, किती दिवस हे कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

‘इन्सुलिनही पेप्टाइडच आहे’

इन्सुलिनचं नाव घ्यायचं तर त्याचा इतिहासही घ्यावा. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. उपचार थांबवावा लागला. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. रेणू दोन्ही वेळा तोच होता. मधल्या बारा दिवसांत बदलली ती शुद्धता.

पुढेही प्राण्यांपासून काढलेल्या इन्सुलिनमुळे अनेकांना ॲलर्जी होत असे, टोचल्या जागची चरबी झडून खड्डे पडत. शुद्धीकरण सुधारलं, १९८२ साली मानवी इन्सुलिन आलं, तेव्हा हे त्रास खूप कमी झाले. आजही मात्रा चुकली तर इन्सुलिन जीव घेऊ शकतं. ते आपण विश्वासाने वापरतो, कारण प्रत्येक मात्रेमागे शतकभराचं मोजमाप उभं आहे. ‘पेप्टाइड’ या वर्गनामाच्या बळावर ते मोजमाप दुसऱ्या रेणूच्या खात्यावर जमा होत नाही.

‘९९ टक्के शुद्ध, दाखल्यासकट’

संदेशातला मला सर्वांत धोकादायक वाटणारा मुद्दा हा आहे, कारण तो आकड्याच्या वेषात येतो.

पेप्टाइड बनवण्याची आजची मुख्य पद्धत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली मांडली. १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. राळेच्या बारीक मण्यावर पहिलं अमिनो आम्ल बसवायचं आणि त्याला एकेक पुढचं जोडत जायचं. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली असं धरू. बीपीसी-१५७ मध्ये १५ अमिनो आम्लं, म्हणजे १४ जोडण्या. ०.९९ चौदा वेळा गुणलं की उत्तर सुमारे ०.८७ येतं. म्हणजे इतक्या चांगल्या कामातही शेवटी साधारण १३ टक्के साखळ्या अपुऱ्या किंवा मधलं एखादं अमिनो आम्ल गाळलेल्या निघतात. ३९ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये अचूक साखळ्या ६८ टक्क्यांवर येतात. या चुकलेल्या साखळ्या मूळ रेणूच्या जवळजवळ जुळ्या असतात, त्यामुळे त्या वेगळ्या काढणं हेच या धंद्यातलं अवघड आणि महाग काम.

आता दाखला पाहू. त्यावरचे ९९ टक्के बहुतेकदा एचपीएलसी नावाच्या तपासणीतून आलेले असतात. यंत्राला प्रकाश शोषणारे जे घटक दिसले, त्यांतला मुख्य घटक किती, एवढंच तो आकडा सांगतो. पावडरच्या वजनात पाणी आणि क्षार किती, हे त्यात येत नाही. तो भाग वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकाही असू शकतो. मग मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या मात्रेचा अर्थ काय राहिला? सोबतचा मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आलेख रेणूचं वस्तुमान दाखवतो. पण एखादं अमिनो आम्ल बनवताना उलटं होऊन आपल्याच आरशातल्या प्रतिमेसारखं झालं असेल, तर वस्तुमान तेच राहतं. आलेख स्वच्छ दिसेल, रेणू वेगळा असेल.

आणि जिवाणूंच्या भिंतीतून येणारं एंडोटॉक्सिन? ते या दोन्ही तपासण्यांत दिसतच नाही. नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागेल इतकं एंडोटॉक्सिन रक्तात गेलं तरी हुडहुडी भरून ताप येतो, जास्त गेलं तर रक्तदाब कोसळतो. त्यासाठी वेगळी चाचणी असते, निर्जंतुकतेसाठी आणखी वेगळी. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ विकणाऱ्याने या चाचण्यांची जबाबदारी घेतलेली नाही असा होतो. दाखला खरा आहे असं मानलं तरी तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

रीतसर मार्गाने आलेल्या औषधातही किती बारीक गोष्ट अंगावर येऊ शकते, याचं उदाहरण आहे पेगिनेसाटाइड. डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी बनवलेलं हे कृत्रिम पेप्टाइड. मानवी चाचण्या पार करून मार्च २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते परत मागवावं लागलं, कारण काही रुग्णांना पहिल्याच मात्रेनंतर अर्ध्या तासाच्या आत तीव्र ॲलर्जी झाली आणि त्यात मृत्यूही झाले. तोवर सुमारे २५,००० रुग्णांना ते दिलं गेलं होतं. कुणाला, कधी, किती वेळात त्रास झाला हे नोंदवणारी यंत्रणा होती, म्हणून ते थांबवता आलं. घरी टोचलेल्या बेनामी कुपीची नोंद कुठेच होत नाही.

‘कितीतरी शोधनिबंधांनी सिद्ध’

बीपीसी-१५७ वर शोधनिबंध आहेत, आणि त्यांतले बरेच रंजकही आहेत. उंदरांची टेंडनं, आतडी, जखमा लवकर भरल्याचे निष्कर्ष त्यात आहेत. पण त्यांतलं बहुतांश काम प्राण्यांवरचं आणि मोठा वाटा क्रोएशियातल्या झाग्रेब इथल्या एकाच गटाचा. माणसांवरचे अभ्यास मोजके, लहान. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं निव्वळ पाणी, आणि कुणाला काय दिलं ते तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशी मोठी चाचणी नाही.

उंदरांवरचं संशोधन निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते दोन्ही बाजूंनी चकवू शकतं. वर सांगितलेल्या टेरिपॅराटाइडने उंदरांमध्ये हाडांचा कर्करोग झाला. त्यामुळे १९९८ साली माणसांवरची मोठी चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. २००२ साली औषधाला मंजुरी मिळाली ती ठळक चौकटीतल्या इशाऱ्यासह. पुढे वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर माणसांत तसा धोका दिसला नाही आणि २०२० साली तो इशारा काढला गेला. उंदरांत दिसलेलं भय माणसांत खोटं ठरू शकतं, तर उंदरांत दिसलेला गुणही खोटा ठरू शकतो. बीपीसी-१५७ नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, असं प्राण्यांवरचे काही प्रयोग सुचवतात. जखमेला ते हवंच असतं. वाढू पाहणाऱ्या गाठीलाही तेच हवं असतं. माणसांत याचं काय होतं हे दीर्घकाळ पाहिलेलंच नाही, आणि ‘दुष्परिणाम आढळले नाहीत’ या वाक्याचा खरा अर्थ इथे ‘शोधले नाहीत’ असा आहे.

‘मला फरक पडला’ म्हणणारे प्रामाणिक असतात, यात शंका नाही. पण दुखावलेलं टेंडन महिन्यामहिन्यांनी आपोआपही सुधारतं, आणि लोक औषध सुरू करतात ते दुखणं सर्वांत जास्त असताना. तिथून उतारच पडायचा असतो. खेळाडूंचा दाखला तर देऊच नये: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून हे पेप्टाइड बंदीच्या यादीत घातलंय, मंजुरी नसलेल्या पदार्थांच्या वर्गात.

‘पेटंट नाही म्हणून दाबून ठेवलं’

टेरिपॅराटाइड हा मानवी संप्रेरकाचाच जसाच्या तसा तुकडा, आणि तो औषध कंपनीनेच बाजारात आणला. हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात सापडलेलं एक्सेंडिन-४ तर २००५ साली मधुमेहाचं औषध बनलं. वापराच्या पद्धतीवर, बनवण्याच्या रीतीवर, छोट्याशा बदलावरही पेटंट मिळतं. दाबून ठेवण्याचा आरोप एवढ्यावरच कोसळतो.

आता ज्यांनी कुपी आधीच आणली आहे किंवा वापरायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी. ओरडा बसेल म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. विशेषतः शस्त्रक्रिया ठरली असेल, गर्भारपण असेल, किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर आवर्जून सांगा. कुपी आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. टोचल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. थंडी वाजून ताप आला किंवा टोचली जागा लाल, गरम होऊन ठणकू लागली तर त्याच दिवशी दाखवा, आणि काय टोचलं ते पहिल्या वाक्यात सांगा.