डेर, डी आणि डास

पुण्यातल्या आमच्या जर्मनच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मराठी माणसाला जर्मन सोप्पं जातं, आपल्याकडे पण तीन लिंगं, आपल्याकडे पण विभक्ती, आपलं पण क्रियापद वाक्याच्या शेवटी. माझा विश्वास बसला. मी बँकेत काम करणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई, माझा जर्मनशी संबंध एवढाच की लॉकडाऊनमध्ये लेकीचा अकरावीचा ऑनलाइन तास चालू असायचा आणि मी शेजारी बसून मेथी निवडायचे. लेकीने स्कोअरिंग विषय म्हणून जर्मन घेतलं, बारावीला भरघोस मार्क मिळवले आणि पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं विसरली. मी मात्र ए वन, ए टू अशा जर्मनच्या एकेक पायऱ्या चढत बसले, आणि शेवटी साठवलेली सगळी रजा काढून चार आठवड्यांच्या समर कोर्सला थेट जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. नवरा म्हणाला, अगं एवढ्यात आपलं केरळ झालं असतं.

फ्रायबुर्ग म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीतलं गाव, ११६ मीटर उंच मनोऱ्याचं चर्च, आणि विद्यापीठ १४५७ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं. अशा ठिकाणी नापास व्हायचं म्हणजे पण एक मान आहे.

पहिल्या दिवशी परीक्षा. तिला सी टेस्ट म्हणतात. एक उतारा देतात, पहिलं वाक्य धड असतं, आणि पुढे दर दुसऱ्या शब्दाचं मागचं अर्धं कापलेलं, उंदराने कुरतडलेल्या सातबाऱ्यासारखं. आपण शेपट्या जोडायच्या. आता जर्मनमध्ये सगळी अक्कल शेपटीतच असते हो, लिंग तिथे, विभक्ती तिथे, वचन तिथे, म्हणजे जे आपल्याला येत नाही नेमकं तेच कापून ठेवलेलं आणि जे येतं ते छापून दिलेलं. मी देवाचं नाव घेऊन सगळीकडे इ आणि एन लावत सुटले, आणि बी वन मिळालं. वर्गात सगळी एकोणीस ते तेवीस वर्षांची पोरं, एक ब्राझीलचा, दोन कोरियाच्या, तीन इटलीच्या, काही अमेरिकन. शिकवणारी मुलगी अठ्ठावीसची असेल. ती सगळ्यांना ‘डू’ म्हणजे अगंतुगं करणार हे तिने आल्या आल्या सांगितलं आणि माझ्याकडे बघून जरा थांबली. मी म्हटलं कर बाई, इथे मला काकू म्हणणारं कोणी नाही हेच मोठं सुख आहे.

तर लिंगं. पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी आणि नपुंसकलिंगी डास. हो, डासच, पुण्यात रात्री चावतात ते, इथे दिवसा. बाईंचं म्हणणं खरं, लिंगं तीनच, पण त्यांनी हे सांगितलं नव्हतं की वाटप वेगळं आहे. पुस्तक ते, घर ते, पाणी ते, इथपर्यंत दोन्ही भाषांचं जमतं आणि आपण गाफील होतो. मग कळतं की दूध ती. लोणी पण ती. सूर्य ती आणि चंद्र तो. खुर्ची तो, खिडकी ते आणि दार ती, म्हणजे एका खोलीत बसल्या बसल्या तिन्ही भांडणं. जेवायला बसावं तर चमचा बरोबर तो निघतो, काटा ती, सुरी ते. होस्टेलच्या किचनमध्ये मी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमुळे कोरियन मुलींना काही दिवस वाटत होतं की ही बाई प्रत्येक वस्तूवर मालकी सांगतेय.

एका शब्दाला मात्र वर्गात न हसणारी मी एकटीच. मेडशेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. सगळ्यांनी आरडाओरडा केला, मुलगी ‘ते’ कशी काय, हा अन्याय आहे वगैरे. नियम साधा आहे, शेवटी ‘शेन’ लागलं की लाडाचं छोटं रूप झालं आणि छोटं ते सगळं नपुंसकलिंगी. मला नियमाची गरजच पडली नाही. माझी आजी सावंतवाडीची, मालवणीत मुलगी म्हणजे चेडू आणि चेडू नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘ह्या चेडू खंय गेला’ हे ऐकतच मी मोठी झालेय. हे मी मोठ्या उत्साहाने वर्गाला सांगितलं. शिकवणारी खूश, म्हणाली म्हणजे तुमच्याकडे पण तीन लिंगं! मग नियम काय आहेत? मी तोंड उघडलं. डोळ्यासमोर पाल ती, झुरळ ते, ढेकूण तो अशी वरात. मी म्हटलं, तसं... असतंच ते. ती म्हणाली, गेनाऊ. म्हणजे, अगदी बरोबर.

आकड्यांनी तरी इज्जत राखावी ना. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणजे ‘सात आणि चाळीस’, एकक आधी दशक नंतर, आपल्यासारखंच. अमेरिकन पोरं चौऱ्याहत्तर लिहून बसायची आणि मी पाय पसरून राजासारखी. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, त्यात मी पण तावातावाने बोलले होते, इथे वाटलं बरंच झालं आपण जुन्या पुस्तकातले.) पण मग आला नऊ. नॉयनउंडझीबत्सिश, नऊ आणि सत्तर. आता माझ्या डोक्यात आधी सत्तर, मग नऊ, मग एकोण, मग ऐंशी, मग त्यातून एक वजा, तोवर शिकवणारी तीन आकडे पुढे. शिवाय खरं सांगायचं तर पुण्यात फोन नंबर आपण सांगतो कुठल्या भाषेत? ‘नाइन एट डबल टू.’ मराठी आकड्यांचा अभिमान मला असतो, सराव नसतो.

आणि मग तो प्रसंग. जुलैचा मध्य, फ्रायबुर्ग हे जर्मनीतल्या सगळ्यात उबदार गावांपैकी एक, आणि पंखा नावाची वस्तू छतावर नाहीच, छताला नुसती छतपणा करायची सवय. शिकवणारीने विचारलं कशी आहेस. डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होतंच, तेच शब्दाला शब्द लावून मी पदराने वारा घेतल्यासारखं करत मोठ्याने बोलले, इश बिन हाइस. वर्ग चिडीचूप. मग तो ब्राझीलचा पोरगा बाकावर डोकं ठेवून खांदे हलवायला लागला. शिकवणारीने लाल होत सांगितलं की ह्याचा अर्थ, अं, मी फार कामातुर झालेय असा होतो. उकाड्याला ‘मीर इस्ट हाइस’ म्हणायचं. मीर म्हणजे मला. मला गरम होतंय! अगं बाई, हे तर सरळ मराठी आहे, चतुर्थी, मला गरम होतंय, मला थंडी वाजतेय, मला आवडतं, मला वाईट वाटतं, सगळीकडे मला-मला, आणि सगळीकडे जर्मनमध्ये पण मीर-मीर. ही इंग्रजी मध्ये कशाला तडमडली? दोन घरची सोयरीक थेट जमत असताना तिसऱ्या आळीतल्या मावशीला मध्यस्थ घालावं तसं झालं.

त्या दिवशी मी इंग्रजीला घटस्फोट दिला आणि मराठीतून थेट बोलायला लागले. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या मेसमध्ये, रांग हलेना तेव्हा मी म्हटलं माझ्या पोटात कावळे ओरडतायत. कोरियन मुलीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. जर्मन माणसाला ‘अस्वलाची भूक’ लागते म्हणे. पोटात आख्खं अस्वल चालतं, चार कावळे चालत नाहीत.

वर्गात शिकलेलं बाहेर चालत नाही हे वेगळंच. बेकरीत मी ब्रोट्शेन म्हणजे पाव मागायला व्यवस्थित वाक्य घोकून गेले, तर काउंटरवरच्या आजी म्हणाल्या वेकले? मी म्हटलं नाही, ब्रोट्शेन. त्यांनी तोच पाव उचलून दाखवला, वेकले! इकडच्या बोलीत ‘शेन’ऐवजी ‘ले’ लागतं आणि ‘इस्ट’चं ‘इश्श’ होतं, प्रत्येक वाक्यात दोनदा लाजल्यासारखं. म्हणजे पुस्तकी मराठी शिकून परदेशी माणूस थेट मालवणात उतरावा, तसं.

आता शेवटच्या आठवड्याचं. जुन्या गावात रस्त्यांच्या कडेने उघडे पाण्याचे पाट वाहतात, बेख्ले म्हणतात त्यांना (शेवटी ‘ले’, म्हणून डास बेख्ले, हे मला लगेच कळलं), ड्रायझाम नदीचं पाणी, मध्ययुगापासून खेळवलेलं, पोरं त्यात दोरी बांधून लाकडी होड्या ओढतात. मी एका दुकानाच्या पाटीवरच्या शब्दाचं लिंग काय असावं ह्या विचारात वर बघत चालले होते आणि घोट्यापर्यंत थेट पाण्यात. बाकावर बसलेले एक आजोबा हसले आणि बोलीत काहीतरी म्हणाले. आणि काय सांगू, मला आख्खं वाक्य कळलं! क्रियापद शेवटी, मी श्वास रोखून थांबले आणि आलंच ते. ‘आता तुम्हाला फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न करावं लागणार.’ गावात तशी समजूतच आहे, चुकून पाटात पाय पडला की फ्रायबुर्गकराशी लग्न ठरलंच.

चार आठवड्यांची सगळी विद्या पणाला लावून मी उत्तर दिलं, इश हाबे शोन आइनेन. माझ्याकडे आधीच एक आहे. पुल्लिंगी, द्वितीया, ‘आइन’ नाही ‘आइनेन’, शेपटी जिथल्या तिथे. आयुष्यातलं पहिलं निर्दोष जर्मन वाक्य, आणि ते पण ओल्या सँडलमध्ये उभं राहून. आजोबांना फारच आनंद झाला, असं का, कुठल्या भागातला? तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाक्याचा अर्थ माझ्याकडे आधीच एक फ्रायबुर्गवाला आहे असा झालाय. पण दुरुस्त करायला अजून एक वाक्य लागलं असतं आणि त्यात परत विभक्ती आली असती.

कोथरूड, मी म्हटलं.

आजोबांनी बराच विचार केला, मग मान हलवत म्हणाले, नवीन वस्ती झाली असेल.