थोरोंग ला, माझा मित्र आणि तुमची एक ओळ

नमस्कार.

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किट ट्रेकवरच्या माझ्या ब्लॉगच्या तिसऱ्या भागाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तरी लिहितो आहे, कारण एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेतली एकच ओळ डोक्यातून जात नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. थोरोंग ला खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामी, थोरोंग फेदीला, आमच्या चौघांपैकी एक जण रात्री आजारी पडला. सकाळी तो, त्याच्या सोबतीला आमच्यातलाच दुसरा मित्र आणि पोर्टर असे तिघे खाली मनांगला गेले. मी, उरलेला मित्र आणि गाईड खिंड ओलांडून मुक्तिनाथला उतरलो. यावर तुमचं म्हणणं असं की त्याचं डोकं त्याआधीच्या मुक्कामाला, याक खर्कालाच दुखत होतं तर तिथेच थांबायला हवं होतं. पोर्टरच्या पाठीवर किती ओझं होतं ते लेखात नाही. २०१४ च्या वादळाचा उल्लेख नाही. खिंडीची उंची चुकली आहे. आणि शेवटी: 'मित्राला खाली धाडून स्वतः फोटोसाठी खिंड गाठणारे लोक मैत्रीवर पानंच्या पानं लिहितात, याची गंमत वाटते.'

उंचीची चूक मान्य. थोरोंग ला ५४१६ मीटर, म्हणजे १७,७६९ फूट. मी १७,७६९ मीटर लिहून बसलो होतो. दुरुस्त केलं आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार. चुका दाखवल्या तर मला राग येत नाही, हे जुन्या वाचकांना माहीत आहे.

पण 'गंमत वाटते' हे काय आहे? एक माणूस रात्रभर ओकत होता, आम्ही तिघं त्याच्या उशाशी बसलो होतो, त्यात तुम्हाला गंमत दिसली? आणि 'धाडून'? सामान धाडतात. माझ्या मित्राला मी धाडलेला नाही.

त्या रात्री काय झालं ते लेखात मी चार ओळींत उरकलं होतं, कारण तो त्याचा खाजगी मामला होता. आता त्याला विचारून सविस्तर लिहितो. फेदी साधारण ४४५० मीटरवर. संध्याकाळी त्याने लसूण सूप घेतलं, दालभाताला हात लावला नाही. दहाच्या सुमारास पहिली उलटी झाली. गाईड दाइंनी त्याला खोलीच्या बाहेर फरशीवर सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकवत. तो नीट चालला. खोकला नव्हता, बसल्या जागी धाप लागत नव्हती. म्हणजे मेंदूला किंवा फुफ्फुसाला सूज आल्याची लक्षणं नव्हती, पण उंची लागली होती यात शंका नव्हती, आणि त्याने एक पाऊलही वर टाकायचं नाही हे गाईडने तिथल्या तिथे सांगितलं. आम्ही कोणीही वाद घातला नाही. त्याच वेळी खाली का नाही नेलं, असं कोणी विचारण्याआधी सांगतो: फेदी आणि याक खर्का यांच्यामध्ये दरड कोसळणारा टप्पा आहे, वरून दगड येतात, अंधारात आजारी माणसाला तिथून नेणं म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात. त्यामुळे दर तासाला त्याला उठवून, बोलतं करून, उजाडायची वाट पाहिली.

पहाटे साडेतीनला बाकीचे गट हेडटॉर्च लावून निघाले. खिंडीवर उशिरा वारा फार वाढतो म्हणून तिथे सगळे अंधारातच निघतात. तेव्हा माझा मित्र स्लीपिंग बॅगमधून म्हणाला, 'तुम्ही दोघं जा. माझ्यासाठी चौघांची खिंड घालवू नका.' मी नाही म्हणालो. तो चिडला. शेवटी ज्याला खिंडीची सगळ्यात कमी ओढ होती तो आपणहून त्याच्यासोबत उतरायला तयार झाला आणि मी निघालो. हे 'धाडणं' आहे? वीस वर्षांची ओळख आहे आमची. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलमध्ये रात्री काढल्या आहेत, माझ्या पडत्या काळात सहा महिने त्याने माझ्या घराचं भाडं भरलं आहे. हे मी कधी लिहिलं नसतं. तुम्ही लिहायला लावलंत.

खिंडीवर पोचलो तेव्हा प्रार्थनेच्या पताकांपाशी मी फोटो काढले, हो. पहिला फोटो त्याला पाठवायचा म्हणून काढला. नेटवर्क नव्हतं. पुढचा सोळाशे मीटरचा उतार गुडघे मोडेस्तोवर उतरलो तो मुक्तिनाथला फोन लागेल या एकाच आशेवर. फोन लागला, मित्र मनांगला पोचला होता, जेवला होता, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. आता यात फोटो कुठे आला ते सांगा.

तुम्ही असंही सुचवलं आहे की आमच्यासारख्यांना उंची म्हणजे काय ते कळत नाही. २०११ साली मी नेपाळमधल्याच गोसाइँकुंड या तलावाला निघालो होतो. जिथून चढाई सुरू होते ते धुन्चे साधारण दोन हजार मीटरवर, कुंड ४३८० वर, आणि मी तरुणपणाच्या मस्तीत दुसऱ्याच दिवशी कुंडाच्या थोडं खाली असलेल्या लौरीबिनायकला पोचलो. तिथे मला सरळ चालता येईना. मला वाटत होतं मी ठणठणीत आहे. चहाच्या दुकानातल्या दिदीने माझी सॅक स्वतः उचलली आणि मला खालच्या चंदनबारी गावापर्यंत आणून सोडलं. तिच्यामुळे मी आज हे उत्तर लिहितो आहे. कुंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं आहे त्याला कोणी उंचीचे धडे देऊ नयेत, निदान या भाषेत तरी नाही.

आणि आम्ही नियम पाळले होते. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा फार वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. मनांगला आम्ही दोन रात्री राहिलो, मधल्या दिवशी गंगापूर्णा तलावाच्या वरच्या डोंगरावर चढून परत खाली झोपायला आलो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात दुपारी तीनला डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात, तिथे चौघंही जाऊन बसलो होतो, मी वहीत टिपणं घेतली. मनांगहून याक खर्का, तिथून फेदी, दोन्ही टप्पे त्या हिशेबात बसतात. याक खर्काला त्याचं डोकं दुखलं, ते एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर. पॅरासिटामॉल घेतली, सकाळी नाश्ता करून निघाला. उंचीवर डोकं कोणाचं दुखत नाही? एवढ्यावरून थांबायचं तर मनांगच्या बरंच खाली असलेल्या चामे गावाच्या वर कोणीच जाणार नाही. त्या मुद्द्यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

२०१४ चा ऑक्टोबर मला माहीत आहे. हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटीने आलेला बर्फ होता तो, चाळीसहून जास्त माणसं गेली. पण ती हवामानाची गोष्ट, आमच्या वेळी आकाश स्वच्छ होतं, तिचा इथे संबंध नाही. पोर्टरच्या ओझ्याबद्दल पुढच्या भागात लिहीन.

तुम्ही हेच सगळं साध्या शब्दांत विचारलं असतं तर मी तुम्हाला फोन नंबर देऊन तासभर बोललो असतो. अनोळखी माणसाच्या मैत्रीवर शेरा मारायला दोन मिनिटं लागतात, ती तुम्ही घेतलीत. यापुढे या ब्लॉगवर कोणाच्याही नात्यावर असं लिहिलेलं मी ठेवणार नाही. तुमची ही प्रतिक्रिया मात्र काढत नाही, राहू दे.

हे उत्तर टाकण्याआधी मित्राला वाचून दाखवलं. त्याने आधीच बजावलं होतं की असल्या गोष्टींच्या नादी लागू नकोस. पूर्ण ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाला की डोकं दुखल्याचं एकदाच नव्हतं, सकाळी निघतानाही त्याने मला सांगितलं होतं. मला ते आठवत नाही. पण तो म्हणतो तर असेल. तिसऱ्या भागात तेवढं वाक्य बदललं आहे.