एका आकड्यावर स्क्रू फिरवू नका (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

रागावलात ते रास्तच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझा लेख वाचून तुम्ही जुन्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये थर्मामीटर टांगलात. नॉब १८०वर असताना तो १६२ दाखवत होता, म्हणून नॉबखालचा स्क्रू फिरवून १८ अंश वाढवलेत, आणि पुढचाच केक तळाशी करपला. शिवाय थर्मामीटरपेक्षा साखरेची परीक्षा खात्रीची आणि खरा दोष कमी व्होल्टेजचा, असंही तुम्ही लिहिलंय.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. ‘फरक बघा आणि तेवढा स्क्रू फिरवा’ असं एका दमात लिहून मी मोकळा झालो. कधी बघायचं, किती वेळा बघायचं, हे लिहिलंच नाही.

जुन्या ओव्हनचा थर्मोस्टॅट (नॉबमागचा, तापमान राखणारा स्विच) कॉइल, म्हणजे तापणारी तार, मंद किंवा तेज करत नाही. कॉइल एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. आत छताशी किंवा मागच्या भिंतीला पेन्सिलीसारखी एक नळी क्लिपांत बसवलेली दिसेल. तिच्यात द्रव असतो. तो तापून फुगला की बारीक नळीतून नॉबमागच्या पातळ चकतीला ढकलतो आणि स्विचचा संपर्क तुटून कॉइल बंद होते. निवला की पुन्हा जुळतो. या सगळ्याला वेळ लागतो, त्यामुळे आतलं तापमान सतत झोके घेत असतं. माझ्याच ओव्हनची वही उघडतो. नॉब १८०वर. कॉइल चालू असल्याचा बाहेरचा दिवा विझल्यावरही थर्मामीटरचा काटा चढत राहिला, १९८ला टेकला. मग उतरू लागला. १७०ला दिवा पुन्हा लागला, पण कॉइल तापेपर्यंत काटा १६३पर्यंत घसरला. पुढच्या फेरीत १९७ आणि १६४. चारही आकड्यांची सरासरी काढा, १८०च्या आसपास येते. म्हणजे ओव्हन ठणठणीत! तुम्हाला दिसलेले १६२ बहुधा अशाच एका उताराच्या तळाचे होते. त्यावर तुम्ही १८ चढवलेत आणि बऱ्यापैकी बरोबर चालणारा ओव्हन १९८च्या घरात नेलात.

म्हणून मोजणी अशी करा. ओव्हन रिकामा, जाळी मधल्या खाचेत, थर्मामीटर जाळीच्या मध्यावर. दिवा पहिल्यांदा विझल्यावर आणखी अर्धा तास जाऊ द्या, कारण हवा आधी तापते, भिंती मागाहून. मग दार न उघडता, काचेतून टॉर्च मारून, दोन पूर्ण फेऱ्यांपैकी प्रत्येकीचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा टिपा. दार उघडून वाचलेला आकडा मी धरतच नाही. हेच १५० आणि २२०वर करा. तिन्ही ठिकाणी सरासरी सारखीच कमी किंवा जास्त आली, तरच तो स्क्रूचा मामला. (हा स्क्रू सगळ्या ओव्हनना नसतो. आणि नॉब दांड्यावर नुसता सैल झालेला नाही ना, हे आधी बघा. मी एकदा त्यातच अख्खी दुपार घालवली आहे.) फरक दर वेळी वेगळा आला, तर ती नळी क्लिपेतून सुटून भिंतीला टेकली आहे का पाहा. तिच्यावर तेलकट थर साचला असेल तर तिला उष्णता उशिरा कळते आणि झोके मोठे होतात. प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर मऊ फडक्याने पुसा, पण वाकवू नका. ती चिरली आणि द्रव गळला तर स्विचचा संपर्क तुटणारच नाही, ओव्हन तापतच राहील. दिवा कधीच विझत नसेल तर ओव्हन वापरणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता साखर. साखर साधारण १८६ अंशांना वितळते हे खरं. म्हणूनच १७५वर पंधरा मिनिटं ठेवून दाणे तसेच राहावेत आणि १९०वर वितळावेत अशी ही परीक्षा. पण सरासरी १७५ असतानाही झोक्याचं टोक १९०च्या वर जाऊ शकतं, आणि साखर जास्त वेळ ठेवली तर कमी तापमानालाही पाघळते. थर्मामीटर हाताशी नसेल तर ठीक, त्यावरून स्क्रू फिरवायला मी जाणार नाही. थर्मामीटरवर मात्र तुमचा अविश्वास योग्य आहे. दांडीवाला असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून बघा: समुद्रसपाटीला १००, दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. टांगायचा असेल तर दुसऱ्याशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

व्होल्टेजबद्दल मात्र मला पटलं नाही. ते १० टक्क्यांनी पडलं तर कॉइलची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते, पण थर्मोस्टॅट तिला तेवढा जास्त वेळ चालू ठेवतो. ओव्हन तापायला उशीर होईल, १८०चे १६२ होणार नाहीत.

करपलेल्या तळाबद्दल एक शंका उरते. वरचा भाग फिकट राहून फक्त तळ काळा झाला असेल, तर वरची कॉइल तापते का तेही पाहा. फक्त वरच्या कॉइलवर ठेवून काचेतून बघितलं की कळतं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध पन्नासेक ओम भरतो. तुटलेल्या कॉइलवर मल्टिमीटर (रोध मोजायचं यंत्र) ओमचा आकडा न दाखवता अनंत रोधाची खूण दाखवतो. ही तपासणी प्लग काढून आणि कॉइलची तार सोडवूनच करायची, हात बसलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून.

लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे. स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेची खूण केली होतीत का? केली असेल तर तिथे परत आणा आणि दोन फेऱ्यांचे आकडे इथे लिहा. नसेल तर आहे तिथूनच मोजा. फक्त १८०वरचे चार आकडे दिलेत तरी स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगता येईल.