उदा. म्हणजे उदाहरणार्थ नव्हे

परवा गच्ची साफ करायला काढली. पावसाच्या आत पन्हाळी मोकळ्या केल्या नाहीत तर शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पाणी थेट जिन्यानं खाली उतरतं. टाकीमागच्या कोपऱ्यात, गंजलेल्या पाइपावर ती अजून उभी होती. आमची टीव्हीची अँटेना. दोन काड्या वाकलेल्या, चपट्या वायरीचा तुकडा लोंबकळतोय, वर कावळ्यांची पिढ्यान् पिढ्यांची रंगरंगोटी. भंगारवाला तराजू घेऊन वर आलाच होता. ॲल्युमिनियम दिसल्यावर तो टाकीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघायला लागला.

बहिणीचा नातू सुट्टीला आलाय, सातवीतला. "आजोबा, हे काय आहे?"

म्हटलं, "यागी."

त्यानं लगेच मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "इथं यागी-उदा लिहिलंय. उदा. म्हणजे उदाहरणार्थ ना?"

भंगारवाल्यासकट सगळे हसलो. पण खाली येऊन चहा घेताना माझं हसू आटलं. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, अँटेनाचा धडा दरवर्षी घेतला, पुस्तकात चांगलं 'यागी-उदा' छापलेलं असायचं आणि मी फळ्यावर दरवर्षी नुसतं 'यागी' लिहीत आलो. दोन अक्षरांचा खडू वाचवला. पोरगं निदान विचारतं तरी, उदा म्हणजे कोण ते. माझ्या वर्गात कुणी विचारलं नाही, कारण मी ते नावच समोर येऊ दिलं नाही. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी माझ्या मामाचं सांगतो. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही घराघरात यायला लागले त्या दिवसांत मामा सोल्डरिंगपेक्षा कौलांवर जास्त असायचा. गिऱ्हाइकं यायची ती "योगी अँटेना द्या" म्हणत. मामाच्या एका पावतीवर त्याच्याच अक्षरात 'योगी, ६ काडी, १ नग' असं लिहिलेलं मी वाचलंय. लहानपणी मला ते पटलंही होतं. हात पसरून, एका पायावर, उन्हापावसात, एकाच दिशेला तोंड करून उभा. योगी नाही तर दुसरं काय? गल्लीत कुणाच्या अँटेनाला काड्या जास्त यावरून ईर्षा असायची. मामा म्हणायचा, काड्या वाढवून चित्र वाढत नाही, खिसा हलका होतो. तेवढं मात्र खरं नव्हतं. काड्या वाढल्या की पकड वाढते, पण एका मर्यादेनंतर वाढ बारीक होत जाते, एवढंच.

तिचं काम कसं चालतं ते ऐकण्यासारखं आहे. टीव्हीच्या वायरीला त्यातली एकच काडी जोडलेली असते, ती दुमडलेली, लांबट कड्यासारखी. तिला डायपोल म्हणतात. लहर दीड मीटर लांबीची असेल तर ही साधारण पाऊण मीटरची, लहरीच्या निम्मी. बाकीच्या काड्यांना ना वायर, ना वीज. पाठीमागची जरा लांब, तो रिफ्लेक्टर. पुढच्या जरा आखूड, ते डायरेक्टर. लहर येते तेव्हा या न जोडलेल्या काड्यांतही करंट खेळायला लागतो आणि त्या स्वतःच्या छोट्या लहरी सोडतात. रंकाळ्याच्या कठड्यावरून दोघांनी थोड्या अंतरानं पाण्यात खडे टाकले तर काय होतं ते आठवा. चढाला चढ भेटला की पाणी उसळतं, चढाला उतार भेटला की सपाट. काडी निम्म्या लहरीपेक्षा किंचित लांब असली की तिचा करंट थोडा रेंगाळतो, किंचित आखूड असली की थोडा पुढं धावतो. लांबी आणि अंतरं अशी जमवायची की समोरच्या बाजूला सगळ्यांचे चढ जुळले पाहिजेत आणि पाठीमागं एकमेकांना खाऊन टाकले पाहिजेत. बस्स. मशीन नाही, हलणारा भाग नाही. पाच-सहा काड्या योग्य मापात कापल्या की आंधळ्या तारेला दिशा कळायला लागते.

पण 'योग्य मापात' हे दोन शब्द ज्यानं भरून काढले तो माणूस म्हणजे शिंतारो उदा.

जन्म १८९६. जपानातल्या सेंदाई शहरात तेव्हा तोहोकू इंपीरियल विद्यापीठ होतं, तिथून १९२४ साली पदवी घेऊन तो तिथल्याच प्राध्यापक हिदेत्सुगु यागींच्या प्रयोगशाळेत लागला. यागी दहा वर्षांनी मोठे, १८८६ चे. मोठा फिरलेला माणूस. जर्मनीत ड्रेस्डेनला बार्कहाउझेनकडे शिकले, पहिलं महायुद्ध पेटल्यावर इंग्लंडात फ्लेमिंगकडे गेले, पुढं अमेरिकेत हार्वर्डला पिअर्सकडे. जगात कोण काय करतंय याचा पक्का अंदाज त्यांना होता. छोट्या लहरी एका दिशेला झोतासारख्या पाठवता येतील हा ध्यास त्यांचा, प्रयोगशाळा त्यांची.

आणि काड्या उदाच्या. सुरुवातीच्या प्रयोगांत लहर होती सुमारे ४.४ मीटरची, म्हणजे एकेक काडी पुरुषभर उंचीपेक्षा मोठी. कॉम्प्युटर सोडाच, या रचनेचं तयार गणितही हाताशी नव्हतं. काडी थोडी कापायची, लांब जाऊन मोजायचं. परत यायचं, अंतर सरकवायचं, परत मोजायचं. मागची काडी किती लांब, पुढच्या किती आखूड, दोघींत अंतर किती, संख्या वाढवली तर काय होतं. हे सगळं त्यानं १९२६ पासून तीनेक वर्षं जपानी भाषेत, तिथल्या विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकात लेखामागून लेख लिहून मांडलं. १९२६ मध्ये दोघांच्या नावानं एक छोटा निबंधही आला. पण पेटंट निघालं ते एकट्या यागींच्या नावानं. १९२८ साली यागी अमेरिकेला गेले, तिथं व्याख्यानं दिली आणि रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा इंग्रजी लेख छापून आला. उदाचे लेख जपानीत, त्यामुळं जगानं वाचला तो हा एक. नाव पडलं यागी.

खरं सांगतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी यागींना सरळ चोर ठरवलं होतं. नंतर मत बदलावं लागलं. त्या इंग्रजी लेखात त्यांनी उदाच्या कामाचा उल्लेख लपवलेला नाही, नाव घेऊन सांगितलंय. माणूस शिष्य घडवणाराही होता. पुढं ओसाकाला ते फिजिक्सचे प्रमुख असताना हाताखाली एक तरुण होता, कामात ढिला पडला म्हणून यागींची बोलणी खाल्लेला. त्याचं नाव हिदेकी युकावा. त्यानं १९३५ मध्ये मेसॉनचा, म्हणजे अणूचा गाभा बांधून ठेवणाऱ्या कणाचा, सिद्धांत मांडला आणि १९४९ मध्ये जपानला पहिलं नोबेल आणून दिलं. तेव्हा दोष यागींवर ढकलून मोकळं होता येत नाही. त्यांनी दोन नावं सांगितली होती, घेणाऱ्यांनी एक घेतलं. माझ्यासारख्यांनी. खडू वाचवणाऱ्यांनी.

आता कोल्हापूरकर म्हणून एक सांगतो. आपल्याकडं खासबागेत कुस्ती लागते तेव्हा हलगी कडाडते, जोड मैदानात फिरते आणि माईकवरून पुकारा होतो, अमुक तालमीचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा, तमुक. तीन नावं. तालीम, वस्ताद, पैलवान. शाहू महाराजांच्या या मैदानात लहानपणापासून कुस्त्या बघतोय, पण नुसत्या वस्तादाचं नाव पुकारून पैलवान मुका उतरवलेला मी कधी पाहिला नाही. पहाटे तांबड्या मातीत अंग कुणी घुसळलं हे वस्तादालाही माहीत असतं आणि पब्लिकलाही. वस्ताद थोर, पण डाव ज्यानं मारला त्याचा फेटा वस्तादाच्या डोक्यावर बांधत नाहीत. प्रयोगशाळेत मात्र हे बिनबोभाट चालतं. तिथं वस्तादच चितपट करतो, पठ्ठा फुटनोटमध्ये.

कुणीतरी खाली लिहिणारच की कल्पना गुरूची होती, शिष्यानं नुसत्या काड्या कापल्या. त्यांना माझी विनंती, एकदा गच्चीवर जाऊन सहा काड्या कापून बघा. 'काड्या लावल्या की लहर एका दिशेला जाते' हे वाक्य कुणालाही बोलता येतं. किती लांबीच्या, किती अंतरावर, हे सांगता आलं तर अँटेना होते, नाहीतर ती टॉवेल वाळत घालायची दांडी.

पुढची गोष्ट तर विनोदी म्हणावी की रडावं ते कळत नाही. जपानी लष्कराला घरच्या या शोधाचं फारसं काही वाटलं नव्हतं. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर त्यांच्या हाती ब्रिटिशांचं रडारचं सामान लागलं आणि एका ब्रिटिश सैनिकाची टिपणांची वही. त्यात जागोजागी एक शब्द, यागी. जपानी अधिकाऱ्यांना तो उच्चारायचा कसा इथपासून अडलं. शेवटी युद्धकैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. असा किस्सा सांगतात. त्या कैद्यानंही उदा म्हटलं नसणार, हे माझं आपलं. आणि १९४५ मध्ये हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बला जमिनीपासूनची उंची मोजायला जे छोटे रडार बसवले होते, त्यांच्याही अँटेना यागीच होत्या. यावर मी काही बोलत नाही.

उदा मात्र त्याचं त्याचं करत राहिला. त्याच्या अँटेनानं साकाता बंदरापासून समुद्रातल्या तोबिशिमा बेटापर्यंत, सुमारे ४० किलोमीटर, बिनतारी संभाषण चाललं. सेंदाईतच त्याचे शिष्य यासुतो मुशियाके गणितात उतरले. मापं हीच का, याचं सिद्धांतातून उत्तर देणारं पुस्तक दोघांनी मिळून १९५४ साली काढलं आणि त्याच्या नावातच 'यागी-उदा' घातलं. बघा, स्वतः वस्ताद झाल्यावर या गड्यानं पठ्ठ्याचं नाव मुखपृष्ठावर घेतलं आणि शीर्षकात आपल्या वस्तादाचं नाव आधी ठेवलं.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. १९५० च्या दशकात हा माणूस काही वर्षं दिल्लीत होता. आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. म्हणजे पुढं ज्या देशाच्या कौलाकौलावर, पत्र्यापत्र्यावर त्याच्या काड्या उगवायच्या होत्या, तिथं तो आधीच येऊन राहून गेला. आणि आम्ही पावतीवर 'योगी' लिहीत होतो.

दोघंही १९७६ मध्येच वारले, यागी जानेवारीत, उदा ऑगस्टमध्ये. १९९५ मध्ये तोहोकू विद्यापीठात या शोधाच्या नावानं एक फलक लागला. त्यावर दोघांची नावं आहेत. एक प्राध्यापक, दुसरा त्यांचा सहायक. सहायक! सत्तर वर्षांनी फलक लावतानाही हुद्दा सोडवेना.

एवढं सगळं तावातावानं लिहिल्यावर आता माझंही सांगायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी होता. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडं हिशेब लिहायचे, पोरगा हातानं सोन्यासारखा. आमच्या कॉलेजच्या गच्चीवर त्यानं तीन महिने माझ्या सांगण्यावरून यागी कापल्या, फिरवल्या, दर दहा अंशाला मीटर वाचला, वहीत लिहिलं. उन्हाळ्यात गच्चीचा गिलावा असा तापायचा की पायात चप्पल असून नाचावं लागायचं. मी खाली केबिनमध्ये पंख्याखाली असायचो. त्या मापांवर मी एका परिसंवादात लेख वाचला. लेखक म्हणून एकच नाव होतं. त्याचं नाव शेवटी, आभारात, प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या आधी. तेव्हा तसंच करतात असं वाटायचं. त्या लेखाचा माझ्या बढतीच्या फायलीत उपयोगही झाला.

परवा चहा संपल्यावर त्याचा नंबर शोधला. आता सीसीटीव्ही बसवायचा धंदा आहे त्याचा, बरा चाललाय. सगळं सांगितलं. यागी, उदा, खासबाग, आभार. तो पलीकडून नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, "सर, ते सोडा. घरच्या गच्चीवरची ती अँटेना अजून आहे? भंगारात घालू नका, रविवारी येऊन घेऊन जातो."

म्हटलं, तुला कशाला रे?

"असू दे की. आणि सर, आता रिटायर झालाय म्हणून सांगतो. त्या वेळची तिसरी काडी माझ्याकडून एक सेंटीमीटर जास्त कापली गेली होती. दुसरा पाइप मागायची भीती वाटली. तशीच लावली आणि तेच रीडिंग वहीत लिहिलं."

मी फोन ठेवून कपाटातून तो लेख काढला. तिसऱ्या काडीचा तो आकडा टेबलात आहे, आणि त्याच्याखाली, 'ही वाढ लक्षणीय असून तिचा अधिक अभ्यास व्हायला हवा', असं मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवलंय.