हे नक्की आहे काय?

शिकागोत घर केलं की उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात आणि त्यांना पिकासो दाखवणं यजमानाच्या नशिबी येतं.

अनिश कपूरचं 'क्लाउड गेट' सोपं असतं. चकचकीत स्टेनलेस स्टील, त्यात आपलंच प्रतिबिंब, शिवाय शिल्पकार जन्माने मुंबईकर. पाहुणे खूश. खरी परीक्षा तिथून थोडं चालून गेल्यावर, डेली प्लाझात. तिथे ५० फूट उंच, १६२ टनांचं पोलादी काहीतरी उभं आहे. 'काहीतरी' असंच म्हणावं लागतं, कारण पिकासोने त्याला शीर्षकच दिलं नाही. कुणाला त्यात बाई दिसते, कुणाला पक्षी, कुणाला बबून, कुणाला पिकासोचा अफगाण हाउंड. पाहुण्यांना मात्र माझ्याकडून एकच, पक्कं उत्तर हवं असतं.

यंदा पुण्याहून काका-काकू आले. काकांची सगळी नोकरी भोसरीत, फॅब्रिकेशनमध्ये गेली. मी घसा खाकरून "काका, हे जगप्रसिद्ध..." म्हणेपर्यंत ते वळसा घालून मागच्या बाजूला पोचलेही होते. तिथे त्यांनी नखाने पत्रा खरवडला आणि बोट नाकाशी नेलं.

"गंजलंय."

"ते कॉर्टेन स्टील आहे, काका. वरचा गंजाचा थरच आतलं पोलाद जपतो. मागची ३१ मजली इमारतसुद्धा त्याचीच."

काकांनी इमारत खालून वरपर्यंत न्याहाळली. "आम्ही असा माल पाठवला असता, तर पार्टीने पेमेंट अडवलं असतं. रेड ऑक्साइडचे दोन हात मारायला काय होतं यांना?"

"किती घेतले रे त्याने?" काकूंचा प्रश्न.

"काहीच नाही. एक लाख डॉलर देऊ केले होते, ते नाकारून त्याने हे शहराला भेट दिलं."

"भेट होय! आपण नाही का वास्तुशांतीला आलेली घड्याळं पुढे सरकवत?"

मी विषय इतिहासाकडे वळवला. महापौर रिचर्ड डेलींनी १५ ऑगस्ट १९६७ला अनावरण केलं, हे ऐकून काकूंनी झेंडावंदनाची चौकशी केली. हे हलवून इथे बेसबॉलपटू अर्नी बँक्सचा पुतळा बसवा, असं एका नगरसेवकाने सुचवलं होतं, हे काकांना फार पटलं. पिकासो शिकागोत कधी आलाच नाही, नमुना पाठवून दिला, असं सांगितल्यावर तर ते जागीच थांबले.

"साइट न बघता? मग असंच होणार!"

मी हात टेकले. पण काकांची नजर आता जोडांवर खिळली होती.

"फॅब्रिकेशन कुणाचं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र होतं. "इंडियाना राज्यातल्या गॅरीत, अमेरिकन ब्रिज कंपनीत. आधी तिथे पूर्ण उभारलं, मग सुटं करून इथे आणलं."

"ट्रायल असेंब्ली घेतली म्हणजे!" काकांचा चेहरा उजळला. त्यांनी धडाधड फोटो काढले, सगळे जोडांचे. काकूंचा एकही नाही. काकू तोवर उतरत्या चौथऱ्यावरून घसरणारी पोरं बघत होत्या. "घसरगुंडी आहे, असं आधीच सांगायचंस ना!"

पुढच्या आठवड्यात मावशी येतेय. ती शाळेत चित्रकला शिकवायची. ती मला काही विचारणार नाही, सांगणार.