‘३६० जुळलं की नेम जुळला’: हा हिशेब नेमका कुठे चुकतो

शूटर गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला सतत फॉरवर्ड होत असतो. थोडक्यात तो असा: डीपीआय (माऊस एक इंच सरकला की तो किती काउंट, म्हणजे सरकल्याचे सिग्नल, पाठवतो) आणि सेन्स (गेममधली सेन्सिटिव्हिटी) यांचा गुणाकार सगळ्या गेममध्ये एकच ठेवा. पूर्ण गिरकीला, म्हणजे ३६० अंश वळायला, माऊस तेवढाच सरकला की नेमही तोच. स्कोपमध्ये, म्हणजे बंदुकीच्या दुर्बिणीतून बघताना, ते आपोआप जुळतं. एकदा जुळलं की आकड्याला हात लावू नका, मसल मेमरी, म्हणजे हाताला लागलेली सवय, जाते. आणि एका गेमचा सेन्स दुसऱ्यात बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरने दिलेला आकडा टाकला की काम संपलं.

हा सल्ला मनापासून पाळणारेच यात सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

‘गुणाकार एकच ठेवा’

साफ चूक. हा गुणाकार, म्हणजे ईडीपीआय, एकाच गेममधल्या दोन खेळाडूंची तुलना करायला ठीक आहे. गेम बदलला की तो निरुपयोगी ठरतो, कारण माऊसच्या एका काउंटला किती अंश वळायचं हे प्रत्येक गेम आपापलं ठरवतो. सेन्स १ असताना काउंटर-स्ट्राइकमध्ये एका काउंटला ०.०२२ अंश. हा आकडा १९९६ च्या क्वेकपासून चालत आलाय आणि एपेक्स लेजेंड्समध्येही तोच आहे. व्हॅलोरंटमध्ये ०.०७, ओव्हरवॉच आणि कॉल ऑफ ड्यूटीमध्ये ०.००६६.

८०० डीपीआय आणि सेन्स १ घ्या. ईडीपीआय सगळीकडे ८००. पण पूर्ण गिरकीला काउंटर-स्ट्राइकमध्ये ५२ सेंटिमीटर लागतात, व्हॅलोरंटमध्ये १६.३ आणि ओव्हरवॉचमध्ये तब्बल १७३. सूत्र सोपं आहे: डीपीआय, सेन्स आणि त्या गेमचा अंशांचा आकडा यांचा गुणाकार करा, ३६० ला त्याने भागा, इंच मिळतात, २.५४ ने गुणलं की सेंटिमीटर. काउंटर-स्ट्राइकचा सेन्स व्हॅलोरंटमध्ये न्यायचा तर ३.१८ ने भागा, ओव्हरवॉचमध्ये न्यायचा तर ३.३३ ने गुणा. म्हणजे १ चे अनुक्रमे ०.३१४ आणि ३.३३.

‘माऊस तेवढाच सरकला की नेम तोच’

हे अर्धं खरं आहे. अंतर जुळलं की मागे वळणं, कोपरा घेणं, अर्धी गिरकी मारणं या गोष्टी नक्की जुळतात. पण फ्लिक मारताना, म्हणजे झटक्यात नेम शत्रूवर नेताना, डोळा अंश मोजत नाही. शत्रू क्रॉसहेअरपासून (स्क्रीनच्या मधल्या नेमाच्या खुणेपासून) स्क्रीनवर किती लांब दिसतो ते बघतो. ते अंतर एफओव्हीवर, म्हणजे गेम एका वेळी किती अंशांचं दृश्य दाखवतो त्यावर, ठरतं.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १६:९ स्क्रीनवर आडवा एफओव्ही १०६.२६ अंश असतो, व्हॅलोरंटमध्ये १०३. त्यामुळे तेवढ्याच अंशावरचा शत्रू व्हॅलोरंटमध्ये स्क्रीनच्या मध्याजवळ सुमारे ६ टक्के लांब दिसतो. एवढा फरक बहुतेकांना जाणवतही नाही, म्हणून या दोन गेमपुरता हा सल्ला बरोबर वाटतो. पण कॉल ऑफ ड्यूटीत एफओव्ही १२० ठेवला तर तोच शत्रू काउंटर-स्ट्राइकच्या मानाने २३ टक्के जवळ दिसतो. डोळा म्हणतो थोडंसंच जायचंय, आणि ३६० जुळवलेला सेन्स हाताला पहिल्याइतकंच अंतर कापायला लावतो. फ्लिक अलीकडेच थांबतो.

इथे निवड करावी लागते. काउंटर-स्ट्राइकच्या १ वरून येताना वळणं जुळवायची तर कॉल ऑफ ड्यूटीत सेन्स ३.३३ ठेवा. मध्याजवळचा नेम जुळवायचा तर दोन्ही एफओव्हींच्या अर्ध्या कोनांच्या टॅनचं गुणोत्तर काढा: टॅन ६० भागिले टॅन ५३.१३, म्हणजे १.३. सेन्स ४.३३ होतो आणि गिरकी ४० सेंटिमीटरवर येते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, हे भूमितीच ठरवते. सतत ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या शत्रूवर नेम धरून ठेवणं, करावं लागणाऱ्या गेममध्ये आम्ही दुसरा पर्याय घेऊ, आणि कोपऱ्यावर क्रॉसहेअर धरून थांबायच्या गेममध्ये पहिला.

‘स्कोपमध्ये आपोआप जुळतं’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. स्कोपमध्ये खरंच ३६० जुळवलं, तर काउंटर-स्ट्राइकमधल्या ऑप (AWP) या स्नायपर बंदुकीच्या पहिल्या झूममध्ये चित्र २.७५ पट मोठं झालेलं असताना हात मात्र दृश्य जुन्याच वेगाने वळवेल, आणि क्रॉसहेअर उडतच राहील. म्हणून प्रत्येक गेम स्कोपमध्ये वेग कमी करतो. किती कमी करायचा, याचं गणित मात्र प्रत्येकाचं वेगळं.

काउंटर-स्ट्राइक नुसतं एफओव्हींचं गुणोत्तर घेतो: पहिला झूम ४०, साधा एफओव्ही ९० (हे ४:३ स्क्रीनच्या हिशेबाने, १६:९ वर तोच १०६.२६), म्हणून वेग ०.४४४ पट. पण चित्र खरोखर जेवढं मोठं होतं त्या हिशेबाने तो टॅन २० भागिले टॅन ४५, म्हणजे ०.३६४ पट हवा. थोडक्यात, स्कोपमधला वेग ठरवणारं झूम सेन्सिटिव्हिटी रेशो हे सेटिंग मूळच्या १ वर ठेवला तर स्कोपमध्ये क्रॉसहेअर स्क्रीनवर २२ टक्के जास्त वेगाने सरकतो. स्कोप लावला की शॉट पलीकडे जातो अशी तक्रार असेल तर आधी हा आकडा बघा. रेशो ०.८२ केला की पहिला झूम मध्याजवळ जुळतो. दुसऱ्या झूमचा एफओव्ही १० आहे आणि त्याला ०.७९ लागतो, पण सेटिंग एकच आहे. ०.८२ वर दुसरा झूम चारेक टक्के जलद राहतो. ते चालवून घ्या, पहिला झूम जास्त वापरला जातो.

कॉल ऑफ ड्यूटीत हेच मॉनिटर डिस्टन्स कोएफिशिएंट या नावाने मिळतं आणि मूळ किंमत १.३३ असते. ० केली की जुळणी स्क्रीनच्या अगदी मध्याशी होते, १.७८ केली की १६:९ स्क्रीनच्या डाव्या-उजव्या कडेशी. बॅटलफील्डमध्ये युनिफॉर्म सोल्जर एमिंगचा आकडा १३३ किंवा १७८ असा दिसतो, अर्थ तोच. स्कोपमधून लहान लहान दुरुस्त्या करत नेम धरणाऱ्याने ० पासून सुरुवात करावी.

‘बदललं की मसल मेमरी जाते’

हात एवढा नाजूक नसतो. माऊस आणि स्क्रीन यांच्या वेगाचं प्रमाण बदललं तर माणूस ते लवकर जुळवून घेतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पॉइंटर चालवताना आपण रोज हेच करतो. ५२ वरून ४५ सेंटिमीटरवर आलात म्हणून कौशल्य पुसलं जात नाही. मात्र रोज बदलणं वाईट, कारण मग शॉट हातामुळे चुकला की आकड्यामुळे हे कळतच नाही. मॅचच्या मधे बदलू नका, एक आकडा काही आठवडे टिकवा, एवढं पुरे.

‘कन्व्हर्टरचा आकडा टाकला की काम संपलं’

रेनबो सिक्स सीजमध्ये हे लगेच उघडं पडतं. तिथला स्लायडर फक्त पूर्णांक घेतो. काउंटर-स्ट्राइकच्या १ साठी ३.८४ हवा, ४ ठेवला तर ४ टक्के जलद, ३ ठेवला तर २२ टक्के संथ. गेम बंद करून गेमसेटिंग्ज फाइलमध्ये माऊस सेन्सिटिव्हिटी मल्टिप्लायर युनिट ०.०२ वरून ०.००३८४ करा आणि स्लायडर २० वर ठेवा. आकडा बरोबर बसतो.

शिवाय माऊसवर ८०० लिहिलं म्हणजे ८०० असतंच असं नाही. दोन मॉडेलमध्ये काही टक्के फरक पडतो. म्हणून मोजा. पॅडच्या कडेला पट्टी चिकटवा. ५२ सेंटिमीटर बऱ्याच पॅडवर मावत नाहीत, तेव्हा तेवढ्यापुरता सेन्स चौपट करा, म्हणजे १३ सेंटिमीटर लागतील. प्रॅक्टिसमध्ये भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर ठेवा आणि माऊस न उचलता हळू सरकवत पुन्हा त्याच खुणेवर या. तीनदा करून सरासरी घ्या. मग दुसऱ्या गेममध्येही सेन्स चौपट करून, त्याच पॅडवर, तसंच मोजा.

एकाच माऊसवर दोन गेममध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर दोष बहुधा विंडोजच्या सेटिंगमध्ये असतो. रॉ इनपुट (विंडोजला वगळून माऊसचे काउंट थेट घेणं) बंद असलेला गेम विंडोजचा पॉइंटर स्पीड उचलतो: ११ पैकी सहावा खाच म्हणजे जसंच्या तसं, पाचवा म्हणजे पाऊणपट, सातवा म्हणजे दीडपट. विंडोज ११ मध्ये स्लायडर २० पर्यंत जातो, तिथे १० ठेवा. एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन बंद करा. विंडोजचं हे सेटिंगच माऊस हळू सरकवला तर एक अंतर आणि झटक्यात सरकवला तर दुसरंच अंतर दाखवायला लावतं.