लिंटलवर थांबलेलं घर

माझ्या आत्याचं घर मार्चपासून लिंटलवर थांबलंय. जांबोटीच्या पुढं, बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर. चिऱ्याच्या चार भिंती उभ्या आहेत, दारा-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी, म्हणजे लिंटल, ओतून झालीय. कोपऱ्यातल्या सळ्या वर आभाळाकडं तशाच उभ्या, गंजून तांबड्या झालेल्या. पूर्ण पावसाळा त्या भिंतींच्या माथ्यावर खताची रिकामी पोती पसरून वर दगड ठेवले होते. गणपतीला गेलो तेव्हा जिथं स्वयंपाकघर होणार तिथं गुडघाभर गवत होतं. आत्या म्हणाली, "भिंती भिजून फुगल्या तर रे बाळा?" मला उत्तर देता आलं नाही.

आत्यानं सगळा हिशेब नातीच्या शाळेच्या वहीत लिहून ठेवलाय. पायाचे दगड, चिऱ्यांच्या गाड्या, त्या वाडीपर्यंत आणायचं भाडं, गवंडी, त्याच्या हाताखालची दोन माणसं, वाळू. वाळूच्या रकमेवर दोनदा पेन फिरवलंय, कारण दोनदा भाव वाढला. शेवटची ओळ आहे "सळी – उधार". त्यापुढं पान कोरं आहे. घरकुल योजनेतून सरकारकडून आलेले हप्ते वहीच्या मागच्या बाजूला आहेत आणि ते पुढच्या बाजूच्या निम्म्यालाही पुरत नाहीत.

आता पुढचा हप्ता छप्पर पडल्यावर. योजनेची रीतच तशी आहे: आधी काम, मग मोबाइलवरून जिओटॅग केलेला, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, मग पैसे. ज्याच्याजवळ स्लॅब ओतायला पैसे आहेत त्याला स्लॅबचे पैसे मिळतात. ज्याच्याजवळ नाहीत त्याचं घर लिंटलवर थांबतं. तालुक्यात गाडी घेऊन फिरा, अशी घरं रस्त्यावरून दिसतात.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. घरकुलाचे कागद दिवसभर हातातून जातात. त्यामुळं हे एकट्या आत्याचं गाऱ्हाणं नाही.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली, आधीच्या इंदिरा आवासच्या जागी. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी राज्यं आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. आपल्याकडच्या १ लाख २० हजारांत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, म्हणजे दिल्लीचे ७२ हजार, बंगळूरचे ४८ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, सुमारे २७० चौरस फूट. शिवाय उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे. २०१६ साली हे आकडे ठीक वाटले असतील. आज २०१६ च्या भावानं सिमेंटचं एक पोतं तरी कुणी देईल का? सळी देईल? गवंडी त्या हजेरीवर येईल? रक्कम मात्र तिथंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ३ लाख कोटींच्या वर खर्च धरला, आणि दर घरामागची रक्कम होती तीच ठेवली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. ही रक्कम अपुरी आहे हे दिल्लीला कुणी सांगितलं नाही असं नाही. संसदेचीच एक समिती आहे, ग्रामविकास आणि पंचायत राज स्थायी समिती. ३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. बजेट मांडल्यावर ही समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवते. पैसे किती मागितले, किती खर्च झाले, घरं का अडली, सगळं विचारते आणि अहवाल देते. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव काही वर्षं हिचे अध्यक्ष होते, मग कनिमोळी, आणि आता कोरापुटचे सप्तगिरी उलाका. रक्कम वाढवा, हे समितीनं पुन्हा पुन्हा सांगितलंय. उलाकांच्या समितीनं तर थेट आकडा दिला: घरामागं ४ लाख करा.

चार लाख! आत्याच्या वहीशी हा आकडा ताडून बघितला तेव्हा मला भरून आलं. आमच्या वाडीवर न आलेल्या माणसांनी दिल्लीत बसून जवळपास तोच हिशेब केला होता, जो सातवी शिकलेल्या बाईनं वहीत केला होता.

पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. खात्यानं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. मग समिती दुसरा अहवाल काढते. कुठलं उत्तर पटलं, कुठलं पटलं नाही, कशाचं पक्कं उत्तर अजून यायचंय, याची त्यात वेगवेगळी प्रकरणं असतात. कुणालाही फुकट वाचता येतं, संसदेच्या वेबसाइटवर आहे. इंग्रजीत आणि हिंदीत. इथंच आमची माणसं तुटतात. इकडं पंचायतीतला कागद कन्नडमध्ये, दिल्लीतला इंग्रजी-हिंदीत, आणि घरात बोलायची मराठी. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण फार जुनं आहे. घरकुलाच्या यादीपेक्षा महत्त्वाची सूचना गरिबाला दुसरी कुठली? मी कन्नड वाचतो, लिहितो, माझ्या पोरांनाही शिकवलंय, कन्नडवर माझा राग नाही. पण साठी उलटलेल्या बाईला अर्ज का अडला हे तिला कळेल अशा भाषेत सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मलप्रभा, मार्कंडेय, कुणी सोडलं नाही. तेव्हा कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. वाटपात काय काय झालं, नुकसानीप्रमाणे ए, बी, सी असे शेरे मारताना कुणाचं घर कुठल्या रकान्यात गेलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण आकडा बघा. नवं घर बांधायला ५ लाख लागतात हे याच राज्यानं, याच जिल्ह्यात, त्या वर्षी मान्य केलं. मग पुरानं न पडता गरिबीनं पडलेलं घर १ लाख २० हजारांत कसं उभं राहतं? विटा त्याच, गवंडी तोच.

आणि पलीकडं चंदगड. आमची निम्मी सोयरीक तिकडं. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून घरकुलाला ५० हजार जादा द्यायचं ठरवलं, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी. वर ५ ब्रास वाळू फुकट द्यायचं धोरण आहे. ती वाळू खरंच मिळते का, हे तिकडच्या पाहुण्यांना विचारा, सगळ्यांना मिळत नाही. तरी मुद्दा राहतोच की राज्याला मनात आणलं तर भर घालता येते. केंद्र हलत नाही तोवर बंगळूरनं तरी हलावं. दर डिसेंबरला आमदार-मंत्री अधिवेशनाला बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात येतात, तिथून जांबोटी लांब नाही.

"रक्कम वाढवली तर घरांची संख्या कमी होईल", असं एका ओळखीच्या शिक्षकांनी मला सांगितलं. मुद्दा खरा आहे, पैसा मोजकाच असतो. पण अर्धी राहिलेली घरं संख्येत धरायची कशी? लिंटलवर थांबलेल्या घरात माणूस राहत नाही. आत्या अजून जुन्या मातीच्या खोपटातच झोपते आणि नव्या घरासाठी काढलेल्या बचत गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला भरते. योजनेच्या नियमांत ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. माझ्या दुकानात आलेल्या एकाही लाभार्थ्याला ते मिळालेलं मी पाहिलं नाही. आत्या एका बँकेत तीन वेळा गेली, तिन्ही वेळा "साहेब नाहीत".

यादीचं मोठं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. सुरुवातीची नावं २०११ च्या सर्वेक्षणातली. २०११ साली बापाच्या घरात राहणारी पोरं आज तीन-तीन लेकरांची झालीत. पूर्वी घरात मोटारसायकल असली की नाव कटायचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात जिथं दिवसाला एक बस, तिथं गाडी ही काय श्रीमंती? २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रिजची ती अट काढली, कमाईची मर्यादा महिना १० हजारांवरून १५ हजार केली. हे चांगलं झालं आणि चांगल्याला चांगलं म्हणावं. पण आधी नाव कटलेल्या कितीजणांना हे माहीत आहे? नव्या सर्वेक्षणाच्या वेळी मी दुकानाबाहेर मराठीत पाटी लावली होती, तेव्हा कुठं लोक विचारायला आले.

सीमाभागातल्या मराठी माणसाला राजकारण कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. १९५६ पासून आम्ही दुसरं काय करतोय? महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागायचा तेव्हा लागेल, माझं मत जे होतं तेच आहे. पण घरावर पत्रा त्या निकालाची वाट बघत नाही. आम्ही मोर्चाला हजार माणसं जमवतो आणि घरकुलाच्या ग्रामसभेला चाळीस. हे मी रागानं नाही, तळमळीनं लिहितोय, कारण त्या चाळीसातलेही निम्मे यादी वाचून होण्याआधी उठून जातात.

आपण तीन खासदारांत वाटलेले आहोत. बेळगावचे जगदीश शेट्टर, निपाणी-चिकोडीच्या प्रियांका जारकीहोळी, आणि खानापूर कारवारच्या मतदारसंघात असल्यानं आमचे विश्वेश्वर हेगडे कागेरी. आमच्या खासदाराचा मतदारसंघ समुद्रापर्यंत जातो, जांबोटीची वाडी त्यांच्या नजरेत यायची तर आपणच दाखवायला हवी. जिल्ह्यात 'दिशा' नावाची समिती असते, खासदार तिचे अध्यक्ष असतात, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायची असते आणि घरकुल योजना तिच्या कक्षेत येते. तिथं दोन प्रश्न लेखी गेले पाहिजेत. आपल्या तालुक्यात लिंटलवर किती घरं थांबलीत? आणि संसदेच्या समितीनं सांगितलेल्या ४ लाखांबद्दल आपण सभागृहात काय बोललात? दुसरा प्रश्न तिघांनाही, पक्ष कुठलाही असो.

समितीच्या अहवालातला घरकुलाचा भाग मी मराठीत उतरवलाय, दोन पानांत बसला. दुकानात ठेवलाय, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. ज्यांचं घर अडलंय त्यांनी येताना मंजुरीचा कागद आणि आज घर जसं उभं आहे तसा एक फोटो आणावा. गावावार यादी करतोय. आत्याचं नाव पहिलं लिहिलंय, त्याखाली काल संध्याकाळपर्यंत आणखी अकरा आली.